मागून कोणी मारलं नव्हतं

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि नागपंचमीच्या सकाळी उणकलच्या रस्त्यावर चार पावलं धावत येऊन लिंबू फेकत होतो.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्याकडं पंचमीला बायका झोके घेतात, घरोघरी लाडवांचे डबे भरलेले असतात आणि बाप्ये पैजा लावतात. कोणी डोळे बांधून चालतो, कोणी गोटा उचलतो. आमची पैज लिंबाची. मारुतीच्या देवळापासून तळ्याच्या बांधापर्यंत ठरलेल्या फेकींत लिंबू न्यायचं. पडेल तिथं रेघ मारायची, तिथून पुढची फेक. हरेल त्यानं नारळ फोडायचा. चाळीस वर्षं मी ही पैज खेळत आलो. आधी शेताच्या कडेनं, मग खडीच्या रस्त्यावरून, आता दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्यात त्यांच्या मधून, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत.

यंदाची पंचमी आठवड्यावर आलीय. हुबळीच्या बाजारात लिंबांचे ढीग लागलेत आणि माणसं एकेक लिंबू तळहातावर तोलून बघतात. रसाचं पिवळं लिंबू फेकीला कामाचं नाही; हिरवं, कडक, जाड सालीचं लागतं. परवा मीही एक उचललं. उचलल्याबरोबर उजव्या टाचेच्या मागं, टाचेपासून चार बोटं वर, काहीतरी जागं झालं. दुखलं म्हणता येणार नाही. आपलं नाव कोणी घेतलं की कान टवकारतात, तसं. त्या साली पडलेला सगळा पाऊस मला त्या चार बोटांच्या जागेत आठवतो.

त्या पंचमीची नववी फेक होती. धावलो, उजव्या पायानं जमीन ढकलली, आणि फट्! टाचेच्या वर कोणीतरी नेम धरून हाणलं. पाय खालून गेला, मी गुडघ्यावर आलो. माझं लिंबू कुठं गेलं ते मला आजही ठाऊक नाही. मी मागं बघितलं. मागं एकच माणूस उभा, फकीरप्पा.

फकीरप्पाचं बटणं-दोऱ्यांचं दुकान हुबळीच्या बाजारात माझ्या शिलाईच्या दुकानाला भिंत लावून आहे. माणूस कन्नड, पण माझ्याशी भांडायचं असलं की मराठीत भांडतो.

"लिंबू मारलास व्हय रे? मागनं मारलास?" मी ओरडलो.

"नानल्लो, मारायाऽ! मी नाही बा!" त्यानं हात वर केला. त्याचं लिंबू त्याच्या हातातच होतं. ते मला स्वच्छ दिसलं. तरी मी म्हणालो, "खिशात दुसरं असणार."

"तुला मारायचंच असतं तर चाळीस वर्षं होती की," तो म्हणाला. "पंचमीची वाट कशाला बघू?"

लोक हसले. ते हसणं मला टाचेपेक्षा जास्त लागलं. मी कोणाचा हात न घेता उठलो, लंगडत घरी आलो आणि सांगितलं, फकीरप्पाशी आजपासून बोलणं बंद.

आता माझी अक्कल बघा. लिंबाचा मार म्हणजे मुका मार. मुक्या माराला डॉक्टर कशाला? मी हळद-चुना लावला. वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं. रोज संध्याकाळी पाय मांडीवर घेऊन तेलानं अशी रगडपट्टी केली की आमची सुशीला दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. चार दिवसांनी दुखणं कमी झालं, तेव्हा मी छाती काढून सगळ्यांना सांगितलं, बघा, दवाखान्यात गेलो असतो तर कापलं असतं. पण चालताना पाऊल ओल्या फडक्यासारखं फटकन पडायचं. जिना चढताना डावा पाय पुढं जायचा आणि उजवा त्याच्या मागनं ओढत यायचा, सासरी निघालेल्या पोरीसारखा. आणि मशीनवर बसलो तर पायडल जाईना.

ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

माझी मशीन पायाची आहे. चौथीतून शाळा सुटली त्या वर्षी बापानं मला पायडलवर उभं केलं, बसून पाय पोचत नव्हता म्हणून. तेव्हापासून या दोन पायांनी किती कापड पुढं ढकललं असेल ते त्या मारुतीला ठाऊक. लोकांना वाटतं शिंप्याचं काम हाताचं. हात नुसतं कापड दाखवतो. टाका पाय घालतो. कॉलरच्या टोकाला आलं की पायानं थांबायचं, सुई कापडातच ठेवायची, वळायचं, पुढं एक टाका, एकच. तो एक टाका पायाच्या चवड्यात असतो. त्या दहा दिवसांत माझा चवडा दाबायचा, पण दाबलेलं कुठं पोचत नव्हतं. डाव्या पायावर ओढून मी दोन ब्लाऊज शिवली आणि दोन्ही उसवली.

अकराव्या दिवशी सुशीला म्हणाली, "अहो, फकीरप्पाचं लिंबू होतं की तोफेचा गोळा?" आणि पोरगा विलास रिक्षा घेऊन दारात उभा.

नवनगरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरानं मला पालथं झोपवलं, पाय पलंगाबाहेर लोंबते ठेवून. डावी पोटरी मुठीत दाबली. डावं पाऊल खाली झुकलं, नमस्कार केल्यासारखं. मग उजवी दाबली. पाऊल गप्प. पुन्हा दाबली. गप्प. विलासनं ते मोबाईलवर काढलं आणि मला दाखवलं. एकाहत्तर वर्षं आपलाच असलेला पाय आपल्याला ओळख दाखवत नाही, हे मी तीनदा लावायला सांगून बघितलं.

"पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी तुटलीय," डॉक्टर म्हणाला. माझी आई तिला घोडशीर म्हणायची. "कसं झालं?"

"मागून लिंबू मारलं एकानं."

डॉक्टर हसला. "अज्जा, ही दोरी तुटलेला प्रत्येक जण हेच सांगत येतो. कोणी म्हणतो दगड मारला, कोणी म्हणतो लाथ घातली. मागं वळून बघतात तर कोणी नसतं."

"माझ्या मागं होता," मी म्हणालो.

विलासनं खाली बघितलं. मी मनात फकीरप्पाचा वर गेलेला हात बघितला, त्यातलं लिंबू बघितलं.

ऑपरेशन नको, म्हणाले. वय, साखर आणि गेलेले दहा दिवस बघून त्यांनी ठरवलं की पाऊल खाली झुकवून बांधलं तर तुटलेली टोकं जवळ येतात, धरतील. गुडघ्याएवढा बूट आला. आत टाचेखाली तीन पाचरी. काही आठवड्यांनी एक काढायची, मग दुसरी, मग तिसरी. झोपतानाही बूट. संडासाला उकिडवं बसायचं नाही. विलासनं प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून आणलं, आणि त्या खुर्चीवर बसायला मला जेवढी हिंमत लागली तेवढी आयुष्यात कशाला लागली नाही.

हे सगळं मला समजावलं ते सौम्यानं. व्यायाम शिकवणारी पोरगी, रायापूरहून यायची, सगळं कन्नडमध्ये बोलायची आणि मला अज्जारे, म्हणजे आजोबा, म्हणायची. मी तिला विचारलं, दोरी तुटली तर ओढून गाठ का मारत नाही? पाऊल झुकवून काय होणार? ती कागदावर चित्र काढायला लागली. मी म्हणालो, चित्र नको, माझ्या मशीनचा पट्टा माहीत आहे का? चामड्याचा पट्टा जुना झाला की सैल पडतो. मग पायडल कितीही मारा, वरचं चाक अर्धवट फिरतं, नुसतं घसरतं. कापून आखूड करून तार घातली की पुन्हा ओढतो.

सौम्यानं पेन खाली ठेवलं. "अज्जारे, तेच. ही दोरी लांब होऊन जुळली, तर जन्मभर सैल पट्टा. म्हणून पाऊल झुकवून ठेवायचं. आणि तेल लावून रगडायचं नाही, ताणायचं नाही. कोणी ताणलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. वीट आणि तेलाची बाटली डोळ्यांपुढं उभी राहिली.

त्या संध्याकाळी रिक्षा घराकडं न नेता मी बाजारात नेली. पाऊस पडत होता. बुटावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, काखेत काठी. फकीरप्पा गल्ल्यावर बसून बटणं रंगावारी वेगळी करत होता. मी पायरीखाली उभा राहून ओरडलो, "मारलं का नाहीस रे?"

त्यानं वर बघितलं. पंचमीनंतरचे माझे पहिले शब्द.

"लिंबू मारलं असतंस तर चार दिवसांत बरा झालो असतो! आता दोरी तुटलीय म्हणतात. आपोआप. तुझ्यासारखा माणूस मागं उभा असून उपयोग काय?"

फकीरप्पानं बटणांचा डबा बंद केला, उठला, एक स्टूल आणून पायरीवर ठेवलं. "बस आधी," म्हणाला. "पुढच्या पंचमीला मारतो. चुकायचं नाही." मग आतल्या अंगाला बघून त्यानं चहा सांगितला. माफी मी मागितली नाही, त्यानंही तिची वाट बघितली नाही. पण स्टूलवर बसताना त्यानं माझा दंड धरला होता, आणि मी धरू दिला. माझ्याकडून तेवढं पुष्कळ झालं.

गणपतीत मी माती खाल्ली. पाहुणे आले होते, आणि बूट घालून पूजेला बसणं मला जमेना. चामडं देवापुढं? बूट रबराचा होता, पण मन मानतंय होय? काढला. पाटावर मांडी घातली, आरतीला उठताना उजव्या पायावर भार दिला. आत दोरा ताणून तुटायच्या आधी करकरतो तसं करकरलं. रात्री टाच सुजून गाजरासारखी लाल. सौम्यानं बघितलं आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "देवानं बूट काढायला सांगितलं होतं का, अज्जारे?" काढलेली पाचर तिनं पुन्हा आत घातली. दोन आठवडे वाया गेले.

तेव्हापासून मी तिचा एक नियम पाळला: आज किती केलं ते आज कळत नाही, उद्या सकाळची पहिली दहा पावलं सांगतात. सकाळी टाच कालच्यापेक्षा आखडली असेल तर काल जास्त झालं. माझ्यासारख्याला हा नियम भारी जड. मी आयुष्यभर दुखण्याला दुप्पट कामानं उत्तर दिलेलं. बोट शिवलं गेलं तरी थुंकी लावून शिवत राहिलो. पण या दोरीवर दादागिरी चालत नाही. तिला रक्त थोडं, घाई बिलकूल नाही. तिच्याशी हट्ट करायचा तर रोज थोडा थोडा करावा लागतो, आणि तो करायला डोकं जास्त लागतं.

दिवाळीच्या आधी बूट निघाला. पाय बाहेर आला तो कोणा दुसऱ्याचा होता. पांढरा, पोटरी गळून गेलेली. मी गळ्यातली टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्या मापल्या. डावी तेरा इंच. उजवी साडेअकरा. गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत नवं पान काढून लिहिलं: नाव, स्वतः. कापड, नाही. त्या पानावर दर सोमवारी माप लिहीत गेलो.

आणि दुकानात गेलो तर माझी मशीन घरघरत होती.

विलासनं मोटर बसवली होती. पट्टा काढून बाजूला खिळ्याला टांगलेला. सूनबाई रेखा मशीनवर बसून शाळेचे युनिफॉर्म दणादण मारत होती. मला बघून ती उभी राहिली.

"अप्पा, दिवाळीचं काम अंगावर आलं होतं," विलास म्हणाला. "आणि तुम्हालाही आता बरं. नुसता पाय टेकवायचा, चालते."

"टेकवून चालते ती कुत्र्यासारखी चालते. कॉलर कोण वळवणार?"

"वळते की. शिकलं की वळते."

"मी मेलो काय रे? माझी मशीन, आणि मला न विचारता?"

"अप्पा, त्या पायानं तुम्ही पायडल मारणार?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त झोंबलं. "सौम्या म्हणते ना, एका पायावर उभं राहून टाच उचलता आली की पाय तयार. उचलून दाखवा. मी स्वतः मोटर काढतो. पैज."

माझ्याच पोटचा. माझ्याकडंच शिकलेला पैज लावायला.

त्या दिवशी मी दुकानाच्या टेबलाला धरून उजव्या पायावर उभा राहिलो आणि टाच उचलायला गेलो. काही झालं नाही. डोक्यातून हुकूम सुटला, गुडघ्यापर्यंत आला, पुढं रस्ता नव्हता. टाच जमिनीला शिवून टाकल्यासारखी. रेखानं मान वळवली. विलासनं कात्री हातात घेतली, काही कापायचं नसताना.

मग तो हिवाळा. ती थंडी, आणि दुकानाची ती दगडी पायरी. आधी बसून टाचा उचलायच्या, मांडीवर कापडाचा तागा ठेवून. मग उभं राहून दोन्ही टाचा एकदम, पंधरा वेळा, दिवसातून तीन वेळा. मग दोन पायांवर वर जायचं आणि एका पायावर हळू हळू खाली यायचं, पाच आकडे मोजत. खाली येतानाच दोरी शिकते, सौम्या म्हणायची. मोजायला फकीरप्पा. "वंदु, एरडु, मूरु," तो बटणं मोजता मोजता मोजायचा, आणि मध्येच गिऱ्हाईक आलं की विसरायचा.

"किती झाले?"

"मला काय माहीत? परत एकपासून कर."

बाजारातली माणसं थांबून बघायची. कोण म्हणायचं, अण्णा नाचायला शिकालाय. मी म्हणायचो, व्हय, तुझ्या बारशाला नाचायचं राहिलं होतं.

एकदा सौम्या दुकानात आली. मला म्हणाली, पायडलला पाय कसा हलतो ते मला बघायचंय. शेजारच्या कोपऱ्यात बापाच्या वेळची दुसरी मशीन होती, मोडकी पण फिरणारी. सौम्या स्वतःच तिच्यावर बसली, चपला काढून. पायडल दाबलं, चाक उलटं फिरलं, दोरा तुटून सुईत गुंडाळला. पुन्हा दाबलं, पुन्हा उलटं. "अय्यो!" ती म्हणाली. "अज्जारे, हे अवघड आहे."

"चौथीत शिकलो," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं.

मग मी बसून पायडल नुसतं हलवून दाखवलं, तेव्हा तिनं खाली वाकून माझ्या घोट्याची हालचाल बघितली, हात लावून बघितली. "हा चांगला व्यायाम आहे. पण दोरी तयार झाल्यावर. आणि पाच मिनिटांपासून." मग तिनं मला खरं सांगितलं, मी विचारलं नसताना. उजवी पोटरी डावीएवढी पुन्हा कदाचित कधी होणार नाही. काहींना या वयात एका पायावर टाच उचलणं जमतच नाही. नाही जमलं तरी चालता येईल, जिना चढता येईल, जगता येईल.

"जगायचं विचारत नाही मी," मी म्हणालो. "मला कॉलर वळवायची आहे."

ती गेल्यावर मी वीस वेळा जास्त केलं. दुसऱ्या सकाळी पहिली दहा पावलं भिंत धरून टाकली, आणि तीन दिवस गप्प बसून नुसती काजं केली. हट्टाचं शहाणपण मला असं तुकड्यातुकड्यांनी आलं.

थंडी गेली. उणकलच्या तळ्याचं पाणी खाली गेलं. वहीत उजव्या पोटरीसमोर बारा आलं, मग सव्वाबारा, आणि तिथंच थांबून राहिलं. विलास पैजेचं बोलेनासा झाला. घरात सगळे माझ्याशी नीट बोलायला लागले. म्हाताऱ्याशी नीट बोलायला लागले की समजावं, आशा सोडलीय.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या दुपारची गोष्ट. दुकान रिकामं होतं, विलास आणि रेखा जेवायला गेलेले. फकीरप्पा पलीकडं घोरत होता, भिंतीतून ऐकू येत होतं. मी वरच्या फळीवरचं खडूचं खोकं काढायला हात वर केला. हात पोचेना. स्टूल लांब होतं. मी चवड्यावर उंच झालो आणि खोकं काढलं. खाली ठेवताना लक्षात आलं की डावा पाय कापडाच्या गाठोड्यामुळं अधांतरीच होता.

मी खोकं ठेवलं. टेबलाला दोन बोटं टेकवली. डावा पाय मुद्दाम उचलला. उजवी टाच उठली. दोन बोटं, फार तर अडीच. थरथरत होती, म्हशीच्या पाठीवर माशी बसल्यासारखी कातडी हलत होती, पण हवेत होती. खाली आलो. परत गेलो. तिसऱ्यांदा नाही जमलं. दोनदा जमलं.

फकीरप्पाला उठवावं, असं मनात आलं. विलासला बोलवावं, पैज जिंकलो म्हणावं. पण दाखवायचं काय त्यात? पाय माझा, दोरी माझी, तुटली तेव्हाही कोणी मारली नव्हती. विलास आला तेव्हा मी काजं करत बसलो होतो. रात्री सुशीलानं विचारलं, आज एवढे गप्प का? म्हटलं, सणाचं दमलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कडुनिंब-गूळ वाटायच्या आत मी उठलो. पहिली दहा पावलं मोजली; आखडलं नव्हतं. पहिल्या बसनं हुबळीला आलो, दुकानाचं कुलूप काढलं आणि पान्यानं मोटर सोडवली. गंजलेला एक बोल्ट फार झगडला. मोटर पुसून विलासच्या टेबलावर ठेवली, जपून, कारण तीही कामाचीच आहे. खिळ्यावरचा पट्टा काढून पुन्हा चाकांवर चढवला. मग मशीनवर बसलो आणि एक जुनी कॉलर घेऊन पाच मिनिटं शिवली. टोकाला थांबलो, सुई आत ठेवली, वळलो आणि उजव्या पायानं पुढं एक टाका घातला.